लांडगा नसलेला मुलूख

माझ्या भाचीला आयर्लंडला जायचं होतं, आणि ते नेमकं कशाला, हे शोधून काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खरं तर कुणी गळ्यात घातलं नसतं तरी मी ते ओढून घेतलंच असतं. मी सोलापुरात रिक्षा चालवतो. सात रस्त्याला बसलेला माणूस आसरा चौकात उतरेपर्यंत त्याच्या मेहुण्याचं कुणाशी बिनसलंय हे मला कळलेलं असतं. चौकशी केल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. बायको म्हणते, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं, निदान पगार तरी आला असता.

सुकन्या माझ्या थोरल्या बहिणीची, अंबुबाईची मुलगी. आम्ही मंगळवेढ्याच्या पलीकडचे, मेंढरं राखणारे. मी शहरात आलो, पण अक्का आणि तिचे मालक, म्हणजे आमचे बिरुदेव दाजी, अजून गावीच असतात आणि दाजींची मेंढरंही अजून आहेत. सुकन्या बारावी झाल्यावर नर्सिंग शिकायला माझ्याकडं आली, शिकली, इथल्याच एका खासगी दवाखान्यात लागली आणि मग वेगळी खोली घेऊन राहायला लागली. ती खोली मिळवताना तिला जेवढे प्रश्न विचारले गेले, तेवढे मी उभ्या जन्मात कुणाला विचारले नसतील. एकटीच? लग्न? मग कधी? भाऊ येतो का? येतो तो भाऊच का?

आता आयर्लंडच्या एका दवाखान्यानं तिला घेतलं होतं. इंग्रजीची परीक्षा झाली होती, व्हिसा आला होता. तिकीट तेवढं काढायचं राहिलं होतं, कारण दाजी काही केल्या ‘जा’ म्हणत नव्हते.

गावानं तर निकालच लावून टाकला होता. पोरगं असणार. त्याशिवाय कुठली पोरगी एवढ्या लांब जाते? मलाही तसंच वाटत होतं. म्हणून मी आधी गुपचूप माहिती काढली. दवाखान्याच्या वॉचमनला दोनदा चहा पाजला, कॅन्टीनवाल्याशी ओळख वाढवली. पोरगं काही सापडलं नाही. मग एक दिवस तिची ड्यूटी संपल्यावर तिला रिक्षात घेतलं आणि सरळच विचारलं.

“मामा, कंबर तलावावर घे,” ती म्हणाली. “तिथं सांगते.”

तलावाच्या कट्ट्यापाशी रिक्षा लावली. ती उतरली, कट्ट्यावर जाऊन बसली आणि मला म्हणाली, “तू रिक्षातच बस. नुसतं बघ.”

मी बघत बसलो. पोरगी पाण्याकडं तोंड करून बसली होती, बाकी काही करत नव्हती. थोड्या वेळानं फिरायला आलेल्या एक बाई तिच्यापाशी थांबल्या. “कुणाची वाट बघतेस गं?” त्या गेल्या तोवर दोन पोरं कडेनं गेली, वळून परत आली, पुन्हा गेली. मग एक म्हातारबाबा थांबले. “बेटा, काही टेन्शन नाही ना? घरी भांडण वगैरे?” आणि शेवटी आमच्याच स्टॉपवरचा एक रिक्षावाला ब्रेक मारून माझ्याकडं आला. “सिदूभाऊ, भाची तुमची ना? एकटीच बसलीय. सगळं ठीक हाय न्हवं?”

सुकन्या उठून आली. हसत होती, पण डोळ्यांत पाणी होतं.

“बघितलंस? मला एवढंच पाहिजे मामा. बसले तर बसू द्यावं.”

“एवढ्यासाठी विमानात बसायचं?”

“तुला हे एवढंसं वाटतंय, कारण तुला कुणी कधी विचारलंच नाही, कुठं चाललास म्हणून.”

मी आठवून बघितलं. खरंच कुणी विचारलं नव्हतं. जन्मभर मीच सगळ्यांना विचारत आलो होतो, कुठं जायचंय?

“पोरगं न्हाय म्हणतेस?” मी आपलं एकदा खात्री करून घेतली.

“नाही रे बाबा. असता तर बरं झालं असतं, त्याचं नाव सांगून मोकळी झाले असते. आबा नको म्हणाले तरी मी जाणार आहे. पण मग परत त्या घरात पाय ठेवता येणार नाही. मला जायचंय, तुटायचं नाही.”

हे मला लागलं. कारण दाजी शब्दाचे कसे आहेत ते मला ठाऊक होतं. थोरल्या चुलतभावाशी त्यांचं एका विहिरीवरून वाकडं आलं, तर त्याच्या मयतीलाही ते गेले नव्हते.

पुढच्या आठवड्यात दाजींचा फोन आला.

“सिदू, पुढं कोन जाऊन बघून आलंय का तितं?”

“कुटं दाजी?”

“ही जातीया म्हनती तितं. बघितल्याबिगर आपल्यात मुक्काम हलवत्यात का? तू बघ. तू बघून व्हय म्हनलास तर जाऊ दे. न्हाय म्हनलास तर इषय संपला.”

हे नीट सांगायला हवं. धनगराचा वाडा म्हणजे दगडी चौसोपी घर नव्हे. घोड्याच्या पाठीवर मावेल तेवढा संसार, मेंढरं आणि माणसं, असा तो चालता वाडा. दिवाळी झाली की तो चाऱ्याच्या शोधात निघायचा. पण आधी एक जण पुढं जायचा. गवत कसं आहे, पाणी कुठं आहे, गावकरी खतासाठी शेतात मेंढरं बसवू देतात की दगड घेऊन धावतात, हे बघून यायचा. तरणा होतो तेव्हा आमच्या वाड्यात हे काम माझ्याकडं होतं. चौकशीची खोड तिथलीच. आणि आमच्यात एक रीत होती. पुढं जाऊन आलेल्या माणसानं बोलणं संपेपर्यंत पाण्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही. अन्न पोटात गेलं की माणूस वाढणाऱ्याच्या मनासारखं बोलतो, असं आमचे म्हातारे म्हणायचे. त्याचं ऐकून घ्यायचं, पटलं तर त्याला वाढायचं. वाढलं म्हणजे ठरलं, उद्या निघायचं. वाढलं नाही तर त्या बिचाऱ्यानं उपाशीपोटी दुसरीकडचा मुलूख बघायला जायचं.

“पर दाजी, ते विमानानं जायचं गाव हाय. मी कसा जाऊ?”

“फोनवर बघ की. फोनवर लगीन बघत्यात लोकं, मुलूख बघाय काय झालं?”

त्याच संध्याकाळी अक्काचाही फोन आला. ती गोठ्याच्या मागं जाऊन बोलत असावी, करडं ओरडत होती. “सिदू, तू न्हाय म्हनून सांग,” ती म्हणाली. “एकच लेक हाय मला. तुझ्या पाया पडते. मुलूख वंगाळ हाय म्हन.” थोरली बहीण धाकट्या भावाच्या पाया पडते म्हणाली. बघतो म्हटलं आणि फोन ठेवला. मलाही पोरगी जायला नकोच होती. माझ्या घरात राहून शिकलेली पोर, माझ्या हातच्या चहाला नावं ठेवणारी.

आयर्लंडमध्ये सुकन्याच्या ओळखीची एकच होती. जेऊरची ऋतुजा, तिच्याबरोबर नर्सिंगला असलेली, आधीच तिकडं गेलेली. सुट्टीच्या दिवशी ती मला तिथला मुलूख दाखवायला तयार झाली. इथली दुपार म्हणजे तिकडची सकाळ. होम मैदानाच्या कडेला लिंबाखाली रिक्षा लावली, मोबाइल काचेला टेकवून ठेवला आणि मागच्या सीटवर मांडी घालून बसलो.

ऋतुजा जाड कोट आणि टोपी घालून गावाबाहेर आली होती. तिनं मोबाइल फिरवला आणि मी ताडकन सरळ बसलो. समोर हिरवीगार टेकडी आणि तिच्यावर मेंढरं! पांढरीफेक, अंगाला लोकर एवढी की पाय दिसेनात. पाठीवर निळ्या रंगाचा फराटा. आम्हीही असाच रंग लावतो ओळखीला.

“कुणाची मेंढरं गं?”

“असतील कुणाची तरी, मामा.”

“राखणीला कोण?”

“कोणी नाही.”

“कुत्रं?”

“मालक येतो तेव्हा त्याच्याबरोबर येतं, त्याच्याबरोबरच जातं.”

“आणि लांडगा आला म्हणजे?”

“लांडगा नाही इथं.”

मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. लांडगा नाही. होता म्हणे कधीकाळी, संपला. आता शहरातल्या माणसाला यात काय विशेष ते कळायचं नाही. पण आमच्या दाजींनी अख्खं आयुष्य एक डोळा उघडा ठेवून झोप काढली आहे. लांडगा नसलेला मुलूख जगात कुठं असेल असं आमच्यात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मग मी सुटलोच. गवत उपटून दाखव म्हटलं. तिनं उपटून दाखवलं, मऊ होतं, एक कुसळ नव्हतं. माती दाखव. काळपट होती, हातात धरली तर पाणी गळत होतं. पाणी कुठं आहे विचारलं तर ती हसायला लागली. “मामा, पाणी शोधायला लागत नाही, वरून सारखं पडतंच असतं.” टेकडीवर सगळीकडं दगडांच्या बुटक्या भिंती होत्या. त्या कुणी रचल्या, मेंढरं उडी मारून जात कशी नाहीत, थंडीत कुठं ठेवतात, सगळं विचारलं. ती बिचारी भिजत उत्तरं देत होती.

“लोक दगड मारत्यात का?”

“दगड नाही मारत. एकदा बसमध्ये एक पोरगा मला म्हणाला, तुझ्या देशात परत जा. ड्रायव्हरनं त्याला खाली उतरवलं.”

“बरं. आणि मुक्कामाला परवानगी कुणाची घ्यायची?”

“कुणाची म्हणजे? खोलीचं भाडं दिलं, किल्ली माझ्याकडं.”

“रात्री उशीर झाला तर?”

“तर झाला.”

“कोण विचारत नाही?”

“नाही.”

“कुणीच?”

ऋतुजा एका भिंतीवर बसली. मग म्हणाली, “मामा, खरं सांगायचं ना? पहिल्या थंडीत मला ताप आला. मी खोलीत पडून होते. कुणी दार वाजवलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. आईची आठवण काढून लहान पोरासारखी रडले. मग उठले, तांदळाची पेज केली, प्यायले. हे आमच्या घरी सांगू नका.”

“मग परत का येत नाहीस?”

ती भिंतीवरून उतरली आणि चालता चालता बोलायला लागली.

“जेऊरला मी नुसती गाड्या बघायला स्टेशनवर गेले तरी माझ्या आधी घरी बातमी जायची. इथं आल्यावर मामा, मला काय कळलं सांगू? मला आमटीत गूळ आवडत नाही. एवढी वर्षं खाल्ला. आवडत नाही हे मलाच माहीत नव्हतं. अजून काय काय माहीत नाही, ते बघतेय.”

मी फोन ठेवला. पुढं जाऊन आलेल्या माणसाला पोटात काही ठेवता येत नाही. पण तापाची गोष्ट सांगितली की दाजी नको म्हणणार हे उघड होतं. अक्काला हवं ते मिळणार होतं, मलाही हवं ते मिळणार होतं, आणि खोटं तर बोलावं लागणारच नव्हतं. यापेक्षा सोयीचं काय असतं?

रविवारी एसटीनं गावी गेलो. सुकन्या आली नाही. “मी समोर असले तर तू माझ्या तोंडाकडं बघून बोलशील,” ती म्हणाली. “आबा काय म्हणतात ते फोन करून कळव.” एवढं बोलून ती ड्यूटीला निघून गेली.

घरी पोचलो तर अक्कानं आल्या आल्या ताट पुढं केलं. गरम भाकरी, ठेचा, वर लोण्याचा गोळा. मला हसूच आलं. दाजी ओसरीवरून म्हणाले, “ते ठेव आत. आदी बोलू दे त्याला.” अक्कानं माझ्याकडं बघितलं आणि ताट आत नेलं. ती स्वतः मात्र आत गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. बायकांनी त्या बैठकीत उभं राहायची पद्धत आमच्यात नव्हती.

मी सांगायला लागलो. हिरवी टेकडी सांगितली, निळा फराटा सांगितला. दाजी मान हलवत होते. लांडग्यावर आलो तसे ते पुढं सरकले.

“न्हाईच?”

“न्हाई.”

“मग रातचं मानसं काय करत्यात?”

“झोपत्यात.”

मग दाजींनी गवताचं विचारलं, भिंतींचं विचारलं. भिंत किती उंच, बिनचुन्याची का, पावसात ढासळत नाही का. त्यांच्या चेहऱ्यावर मी असं कुतूहल फार वर्षांत बघितलं नव्हतं. लेकीचा विषय बाजूलाच राहिला होता, आम्ही दोघं मेंढरांमागं आयर्लंडभर हिंडत होतो. बसमधल्या पोराचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “डायवर बरा हाय.”

मग त्यांनी आमच्या रीतीतला शेवटचा प्रश्न विचारला. “तुझी सवताची मेंढरं असती तर तितं न्हेली असतीस?”

“मेंढरं डोळं झाकून न्हेली असती दाजी.”

“आन पोरीचं?”

आता आली पंचाईत. मी अक्काकडं बघितलं नाही. तापाचं सांगितलं, कुणी दार वाजवलं नाही तेही सांगितलं. आणि गुळाचंही सांगितलं. खरं सांगायचं तर सगळंच सांगायचं, अर्धं वगळून कसं चालेल? ऋतुजानं तिच्या घरी सांगू नका म्हटलं होतं, आमच्या घरी नाही.

दाजींनी गुळाचं ऐकलंच नाही. ताप ऐकला.

“ताप आला तर पानी द्याय कोन न्हाय,” ते म्हणाले. “असला मुलूख कशाला पायजे? लांडगा नसंल न्हाईतर वाघ नसंल. जायाचं न्हाय. कळीव तिला.”

माझ्या मनासारखं झालं होतं आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं.

“सुकन्या झाली तवा वाडा कुटं हुता?” अक्का दारातूनच म्हणाली.

दाजींनी चमकून मागं बघितलं. “आता ते कशाला?”

“आटवतंय का इचारते.”

“माळशिरसाच्या अंगाला. येळापूरच्या पुडं.”

“व्हय. बाभळीखाली झाली. मला ताप हुता. दुसऱ्या दिशी गवात सपलं म्हनून वाडा हलला. ही पदरात, डोस्क्यावर बोजा, आन मी चालत हुते. भवती समदी हुती. तुमी हुता, सासू हुती, नणंदा हुत्या. ताप हाय का म्हनून कुनी इचारलं?”

“तवा समद्यांचं तसंच हुतं.”

“समद्यांचंच हुतं. मी कुटं भांडते?” तिचा आवाज चढला नव्हता. “हिरीवर निगाले की कुटं चाललीस, म्हायेराला निगाले की कुटं चाललीस, नुसतं दारात हुबी ऱ्हायले तरी कुटं चाललीस. जलमभर हेच ऐकलं. कशी हायस, ते न्हाय कुनी इचारलं. हितं ऱ्हाऊन पोरगीला तरी कोन इचारनार हाय? मग तितं जाऊ दे की. कुटं चाललीस म्हनून तरी इचारनार न्हाईत.”

माझ्या पाया पडून ‘न्हाय’ मागणारी ही बाई! तिनं मात्र ते गुळाचं ऐकलं होतं, एवढंच मला त्या वेळी सुचलं.

दाजी उठले. ओसरीवरून खाली उतरले, मेंढरांच्या जाळीपाशी, वाघरीपाशी गेले, तिथं उगाच एक खुंटी हलवून बघितली. कोकरं त्यांच्या पायांत आली. ते आमच्याकडं पाठ करून उभे होते. खांदे जरा उतरल्यासारखे वाटले, पण त्यांचा चेहरा काही मला दिसला नाही. मग त्यांनी तिथूनच हाक दिली.

“अंबू, वाड त्याला. भाकर गार झाली आसंल.”

अक्का आत गेली. मी मोबाइल काढून सुकन्याला एवढंच लिहिलं, वाढलं. आमच्या घरची पोर, तिला आणखी सांगायला नको होतं. लगेच तिचा फोन आला, ती नुसती रडत होती. मग मी फोन तसाच दाजींच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला आणि घसा खाकरून म्हणाले, “तितं लई गारठा हाय म्हनं. घोंगडं घिऊन जा.”

परतीच्या एसटीला सोडायला अक्का फाट्यापर्यंत आली. हुलग्यांचं गाठोडं माझ्या हातात देताना ती रस्त्याकडं बघत म्हणाली, “सिदू, त्या दवाखान्यात झाडाय-पुसायला, सैपाकाला बाया घेत आसत्याल की?”

“घेत असतील की.”

“किती वयापतूर घेत्यात?”

मी हसलो. ती हसली नाही. कशाला विचारतेस, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात एसटी दिसली आणि तिनं हात केला.

“ऋतुजाला विचारून सांगतो,” मी पायरीवर चढत म्हणालो.

“इचार,” अक्का म्हणाली. “पर एवढ्यात तुझ्या दाजीस्नी सांगू नगं.”